फ्रेंच दाराचा पडदा सारखा अडकतो, रॉड निखळतो? स्क्रू बदलण्याआधी हे बघा

काही वर्षांपूर्वी उत्तरायणाला, १४ जानेवारीला, आमच्या बडोद्याच्या घरात दिवाणखान्यातल्या फ्रेंच दारावरचा रॉड तिसऱ्यांदा खाली आला. गच्चीवर ‘काप्यो छे’ची ओरड चालू होती. भाचा अंगणात पडलेला पतंग धरायला पळाला, त्याने दार ओढलं, पडद्याची कड हँडलमध्ये अडकलेली होती, आणि रॉड, ब्रॅकेट, वाटीएवढा प्लास्टरचा ढलपा असं सगळं तिळाच्या वड्यांच्या ताटात येऊन पडलं. वड्या गेल्या. भाच्याला काही लागलं नाही.

पहिल्यांदा पडला तेव्हा सुतारकाकांनी लांब स्क्रू घातले. दुसऱ्यांदा स्क्रू पकडायला भिंतीत जाड गिट्टी ठोकली. दोन्ही वेळा जाताना म्हणाले, “बेन, हवे नहीं पडे.” तिसऱ्यांदा मी त्यांना बोलावलंच नाही. स्टुलावर चढून सावकाश दार उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की भिंतीचा दोष थोडाच आहे. पडदा भिंतीला टांगलेला आणि दार हलणारं. दार आत येताना दर वेळी पडद्याला ढकलत होतं, हँडल त्याला ओढत होतं. दिवसातून वीस वेळा ही ओढाताण झाली की कुठलाही स्क्रू कधीतरी सुटणारच.

बडोद्यात नव्या बंगल्यांना, रो-हाउसना हल्ली बाल्कनीकडे किंवा अंगणाकडे फ्रेंच दार असतंच: दोन काचेच्या झडपा, मधोमध उघडणाऱ्या. दिसतं झकास. राहायला गेल्यावर महिन्याभरात पडद्याचं दुखणं सुरू होतं. आमचं घर कारेलीबागेत, दार पश्चिमेला. सात वर्षांत जे जे चुकलं ते सगळं खाली आहे, बरोबर आलेलं त्या मानाने थोडं.

आधी दार बघा, पडदा मग

दोन्ही झडपा पूर्ण उघडून आत उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. झडप आत येते की बाहेर जाते? हँडल काचेच्या पातळीपासून किती पुढे येतं? आणि डासांसाठी जाळीची वेगळी झडप आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण फसतात. आमच्या वहिनीकडे काचेची झडप बाहेर उघडते, म्हणून ती निश्चिंत होती की आतला पडदा मोकळा राहील. पण विश्वामित्री नदीच्या कृपेने इथे डास असे की जाळीशिवाय दार उघडं टाकायची सोय नाही, आणि जाळीची झडप आत उघडते. म्हणजे पडदा पुन्हा कात्रीत. तुमच्याकडे असं असेल तर दार ‘आत उघडणारं’ आहे असंच धरून पुढचं वाचा.

दार खरोखर बाहेर उघडत असेल आणि आत जाळी नसेल, तर तुमचं काम सोपं आहे. साधे दोन पडदे लावा. फक्त वारा सुटला की पडदा बाहेर ओढला जातो आणि दार मिटताना मधल्या फटीत सापडतो. बिजागरीचं काळं तेल एकदा कापडाला लागलं की निघत नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीत शिंप्याकडून शिशाची साखळी किंवा छोटी वजनं घालून घ्या, तेवढ्याने भागतं.

पडदा हँडलमध्ये अडकतो, दार पूर्ण उघडत नाही

आत उघडणाऱ्या दाराला दोनच वाटा आहेत. एक तर पडदा बाजूला सारल्यावर तो दाराच्या उघाड्यातून पूर्णपणे बाहेर गेला पाहिजे, नाहीतर तो झडपेवरच बसवला पाहिजे, म्हणजे झडपेबरोबर तोही फिरेल. मधला मार्ग मी चार वर्षं शोधला. नाही सापडला.

पहिल्या वाटेचा हिशेब असा. उघाडा ५ फुटांचा असेल, तर गोळा केलेला पडदा कापडाच्या जाडीप्रमाणे त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा खातो, म्हणजे एकूण १५ ते २० इंच. ती दोन्ही बाजूंना वाटायची, म्हणून चौकटीच्या पुढे प्रत्येक बाजूला किमान १० इंच रॉड हवा. सुतार सवयीने चार-चार इंच सोडतात, मग गोळा झालेला अर्धा पडदा काचेवरच राहतो. आमचा रॉड ५ फूट ८ इंचांचा होता. यावरूनच समजा.

पण तेवढी भिंत बाजूला असायला हवी ना. आमच्या एका बाजूला स्विचबोर्ड आणि त्याला लागून देवघर. शिवाय झडप पूर्ण मागे, भिंतीपर्यंत वळवायची असेल तर तिथे पडद्याचा गठ्ठा आडवा येतोच. त्यामुळे आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो: वर रॉड, खाली रॉड आणि मध्ये ताणलेलं कापड, प्रत्येक झडपेला स्वतंत्र.

हे सर्वांत स्वस्त पडलं आणि सर्वांत टिकलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमची एक झडप अडीच फूट रुंद, तिच्यातली काच २१ इंच रुंद. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच पुढे येईल असा २३ इंचांचा पाइप घेतला, १२ मिलिमीटर जाडीचा. जुन्या घरांत खिडकीला प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंग असायची, दोन आकड्यांत अडकवलेली, ती आधी लावून पाहिली होती. स्प्रिंग मधोमध झोळ देते आणि खालची वर ओढली जाते, म्हणून ती फक्त स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बरी. दारावर पाइपच हवा.

कापड रुंदीच्या पावणेदोन पट, म्हणजे ४० इंच. ४४ इंची पन्ह्यात जोड न देता बसतं. वर-खाली एकेक इंचाचा नेफा, अगदी परकराला घालतात तसा, आणि शिवून झाल्यावरची लांबी दोन पाइपांमधल्या अंतरापेक्षा अर्धा इंच कमी. या अर्ध्या इंचात सगळी गंमत आहे. बरोबर मापाचं शिवलं तर कापड आठवड्यात ढिलं पडतं आणि झडप आपटली की फडफडतं. अर्धा इंच आखूड असेल तर चुण्या ताठ उभ्या राहतात.

सुती कापड असेल तर मापं घेण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्याला सहज तीन-चार टक्के आटतं. सात फुटांच्या पडद्यात ते तीन इंच भरतात. माझे पहिले पडदे असेच मुंज झाल्यासारखे आखूड होऊन वर गेले होते.

स्क्रू लावताना सांभाळा. लाकडी झडपेच्या चौकटीत १२ ते १५ मिलिमीटरचा आखूड स्क्रू पुरतो. लांब स्क्रू तिरका गेला तर आतल्या काचेच्या कडेला भिडतो आणि काचेची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग. दार यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, असेल तर भोक पाडूच नका. त्याच्या आत पोकळ कप्पे असतात, पावसाचं पाणी बाहेर जाण्याची वाटही त्यातूनच असते. चिकटणारे किंवा झडपेच्या कडेला चिमटीसारखे बसणारे आकडे मिळतात, हलक्या नेटच्या पडद्याला ते पुरेसे आहेत.

ब्लाइंड लावायचा असला तरी नियम हाच. तो झडपेवर बसवायचा तर हँडलपेक्षा पातळ हवा आणि खालची पट्टी दोन छोट्या आधारांत अडकवता यायला हवी, नाहीतर झडप हलवली की पूर्ण ब्लाइंड काचेवर आपटत राहतो. रोमन ब्लाइंड आत उघडणाऱ्या दाराच्या वर भिंतीला लावू नका. सात फुटांचं कापड घडी होऊन वर जातं तेव्हा त्याची दहा-बारा इंची पुरचुंडी वरच लोंबते, आणि दार तिला जाऊन धडकतं. उंच माणसाचं डोकंही. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर टकटक करतात. मी लावले होते, चार दिवसांत काढले.

घरात लहान मूल असेल तर लोंबणाऱ्या दोरीचा फास राहील असा कुठलाच ब्लाइंड घेऊ नका. आधीच असेल तर दोरी गुंडाळायचा आकडा जमिनीपासून दीड मीटरच्या वर ठोका, आणि पलंग किंवा खुर्ची त्याच्याजवळ ठेवू नका.

रॉड तरीही पडतो

हँडलचा प्रश्न सुटला आणि रॉड तरी निखळत असेल, तर भिंत बघावी लागेल. दाराच्या बरोबर वर काँक्रीटचं लिंटल, म्हणजे आडवी तुळई, असते. ती कठीण, आत सळ्या. साध्या ड्रिलने भोक इंचभर गेलं की पुढे सरकत नाही, सुतार कंटाळतो, गिट्टी कापून बसवतो. म्हणजे अर्धी गिट्टी वरच्या अर्धा इंच प्लास्टरमध्ये आणि उरलेली नावापुरती काँक्रीटमध्ये. आमचा ढलपा नेमका असाच निघाला होता. गिट्टी त्याच्यातच अडकलेली होती, दाखवायला मी ठेवून दिली आहे. उपाय एवढाच की हॅमर असलेलं ड्रिल मागवायचं आणि भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त खोल पाडायचं. आतली भुकटी फुंकून काढायची, मग गिट्टी. सळी लागली तर भोक इंचभर बाजूला घ्या, तिथेच झटू नका.

दांडिया बाजारातल्या मामांच्या जुन्या घरात उलटा त्रास आहे. तिथे चुन्याची भिंत, ड्रिल लावलं की वाळू गळते आणि भोक आपोआप मोठं होतं. तिथे आम्ही ब्रॅकेट थेट भिंतीत बसवलाच नाही. सागाची पट्टी भिंतीवर चार-पाच ठिकाणी लांब स्क्रूने बसवली आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. हलक्या ब्लॉकच्या भिंतीतही हेच करा, फक्त भोक पाडताना हॅमर बंद ठेवा.

रॉड सहा फुटांपेक्षा लांब असेल तर मधला ब्रॅकेट हवाच. रिंगांचा पडदा मधल्या ब्रॅकेटवरून पलीकडे जात नाही, म्हणून दोन पडदे, दोन्हीकडे एकेक.

पडदा आहे, तरी खोली तापते

बडोदेकरांचं खरं गाऱ्हाणं हे आहे. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेली असते, पश्चिमेच्या दारावर जाड पडदा ओढलेला असतो, आणि तरी पाच वाजता त्या पडद्याजवळ हात नेला तर चुलीपाशी नेल्यासारखा वाटतो.

कारण साधं आहे. ऊन काच ओलांडून आत आलं, पडद्याने ते शोषलं, पडदा तापला, आणि आता ती उष्णता काचेतून परत जात नाही, खोलीतच पसरते. पडदा गडद असेल तर जास्तच. माझा पहिला मरून पडदा म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडी होती. मागच्या बाजूला पांढरं अस्तर लावलं तर थोडं ऊन उजेडाच्याच रूपात परत बाहेर जातं, म्हणून अस्तर लावायचं तर पांढरंच, आणि पांढरी बाजू काचेकडे. फरक पडतो, पण मोठा नाही.

मोठा फरक पडतो तो ऊन काचेपर्यंत पोचूच दिलं नाही तर. छज्जा आहे की, असं आमचे हे म्हणाले. मी मे महिन्यात एका संध्याकाळी टेप घेऊन बसले. पाच वाजता सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम तीस अंशांवर असतो; दोन फुटी छज्जाची सावली काचेवर वरून फूट-सव्वा फूटच उतरली होती, बाकी सगळी काच उन्हात. आणि इथे घड्याळ फसवतं, कारण बडोद्यात सूर्य डोक्यावर येतो तोच साडेबारा उलटून गेल्यावर, आणि जूनमध्ये मावळतो सव्वासातच्या पुढे. म्हणजे पश्चिमेचं दार सहा तास भाजतं. दुपारी चार वाजता ‘आता कमी होईल’ म्हणून पडदा उघडू नका.

मामांच्या घरी या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. तिथे खिडकीला बाहेरून लाकडी पट्ट्यांची झिलमिल आहे, हवा येते, ऊन येत नाही, आणि पडदा हा प्रकार केवळ शोभेचा. आम्ही झिलमिल करायला गेलो तर सुताराने सांगितलेला आकडा ऐकून परत आलो. मग बाल्कनीच्या तोंडाला बाहेरून बांबूची चिक टांगली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी काचेला हात लावता आला.

चिक घेताना सावली दाराच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त पडेल अशी रुंद घ्या, कारण जूनमधला सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो आणि कडेने घुसतो. याच कारणाने ‘आमचं दार उत्तरेला आहे, आम्हाला काळजी नाही’ असं म्हणणाऱ्यांनाही उन्हाळ्यात संध्याकाळी तिरपं ऊन मिळतं. चिकेची खालची दांडी दोन्ही कोपऱ्यांत आकड्याला बांधायची सोय हवी, नाहीतर वावटळीत ती काचेवर आपटते. पैसे कमी असतील तर शेतीची शेडनेट लावा; ५० टक्के, ७५ टक्के असा सावलीचा आकडा सांगून विकतात, पश्चिमेला ७५ची घ्या. रंग हिरवा असला की घरात सगळ्यांचे चेहरे काविळीसारखे दिसतात, काळी किंवा पांढरी मिळाली तर बघा.

दक्षिणेच्या दाराला एवढा खटाटोप नको. उन्हाळ्यात सूर्य तिथे जवळपास डोक्यावरून जातो, छज्जा पुरतो. हिवाळ्यात तो खाली उतरतो, डिसेंबरच्या दुपारी ४४ अंशांच्या आसपास, आणि ऊन खोलीत चांगलं आत येतं. ते येऊ द्या. आमच्या सासूबाई त्या उन्हात पाट टाकून शेंगा सोलायच्या.

काचेवर फिल्म लावायचा सल्ला हमखास मिळतो. लावा हवी तर, पण गडद फिल्म आणि तिला चिकटून जाड पडदा असं दोन्ही करू नका. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतल्या कडा त्या मानाने थंड राहतात, आणि या ताणाने काच आपोआप तडकू शकते. जाड पडदा आणि काच यांच्यात दोन इंचांची फट राहू द्या.

दिवसा बरं, रात्री उघडं

नेटचा पडदा दिवसा बाहेरच्याला काही दिसू देत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. संध्याकाळी आत दिवा लागला की खेळ उलटतो. आम्हाला हे समोरच्या काकूंनी सांगितलं, “तुमचा टीव्ही मोठा आहे हो, आम्हालाही दिसतो.” आरशासारखी फिल्मही रात्री अशीच फितूर होते. त्यामुळे झडपेवर नेट आणि रात्रीपुरता, भिंतीच्या लांब रॉडवर, एक साधा सुती पडदा. रात्री दार उघडायचं नसतं, त्यामुळे तो अडकायचा प्रश्न येत नाही.

कापडाबद्दल थोडं. पश्चिमेच्या काचेवर रेशीम लावू नका. सासूबाईंची जुनी माहेश्वरी मी हौसेने पडदा करून टांगली होती. एका उन्हाळ्यात घडीच्या रेषेवर उभी चिरत गेली, आणि त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. नेट पॉलिएस्टरचीच टिकते. मंगळ बाजारात वाराने मापून घ्यायची तर दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवू नका, तुकडा दारात नेऊन उन्हासमोर धरा.

लांबी जमिनीपासून निदान इंचभर वर ठेवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात घोट्यापर्यंत आलं तेव्हा जमिनीवर लोळणाऱ्या पडद्यांनी चिखल गुडघ्याच्या वरपर्यंत शोषून घेतला होता. झडपेवरचे नेटचे पडदे कोरडे राहिले. पूर दर वर्षी येत नाही, पण पावसाची झड येते, आणि ओली कड दोन दिवसांत काळी पडते.

पावसाळ्यात चिक गुंडाळून वर बांधली असेल, तर दसऱ्यानंतर ती सोडण्याआधी स्टूल घेऊन गुंडाळीत डोकावा. आमच्याकडे खारीने घरटं केलं होतं, चिकेचाच सुतळीदोर कुरतडून त्यात अंथरलेला. मी न बघता दोरी सोडायला निघाले होते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे पश्चिमेचं ऊन घरात घेतलं.